माळवदाखालचा गारवा

मे महिन्यातली दुपार, एकचा सुमार. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या संरक्षक भिंतीची मोजमापं घ्यायला गेले होते. मोजमाप पुस्तिका बगलेत धरून टेप गुंडाळत व्हरांड्यात आले आणि लाइट गेली. वॉर्डातले पंखे चार-दोन फेरे मारून थांबले. आत सहा खाटा, चार भरलेल्या. खिडकीजवळच्या खाटेवर आदल्या रात्री बाळंत झालेली मुलगी झोपली होती, कुशीत बाळ, आणि तिची आई केसपेपरच्या पुठ्ठ्यानं दोघांना वारा घालत होती. माझ्या हातातला टेप बघून तिला वाटलं असावं, हिला विचारावं. म्हणाली, “बाई, वर एवढ्या काचा चमकायल्यात उन्हानं, मग पंखा का फिरंना?”

उत्तर मला माहीत होतं. छतावरची ती सौर यंत्रणा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेली होती. तिचा इन्व्हर्टर सतत बाहेरच्या लाइनकडे लक्ष ठेवून असतो. लाइन जिवंत असेल तरच पॅनेलची वीज आत सोडतो, लाइन गेली की क्षणात स्वतःही बंद होतो. तसं नसतं तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून तारेला हात लावेल आणि छतावरून उलटी गेलेली वीज त्याचा जीव घेईल. ही सोय योग्यच आहे, ती असायलाच हवी. मी तिला जमेल तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा पुठ्ठा हलवायला लागली. बाळाच्या कपाळावर घाम डवरला होता.

सरकारी बांधकामात मला अठरा वर्षं झाली. शाळाखोल्या, अंगणवाड्या, उपकेंद्रं, ग्रामपंचायतींची कार्यालयं, तलाठ्यांची कार्यालयं. त्या दिवशी परतताना जीपमध्ये मी मनातल्या मनात हिशोब करत होते की, माझ्या सहीच्या किती इमारतींत हेच घडत असेल. निविदेत पॅनेल किती किलोवॉटचे ते लिहिलेलं असतं. लाइट गेल्यावर कुठले चार पंखे आणि कुठले दोन दिवे चालू राहिलेच पाहिजेत, हे कुणी लिहिलेलं नसतं. मीही लिहिलं नव्हतं.

आणि लाइट असती तरी त्या खोलीत पंखा गरमच हवा फिरवत होता. पाच इंची सपाट स्लॅब, वर काळवंडलेला कोबा, मावळतीकडे तोंड करून ओळीनं खिडक्या, त्याही ॲल्युमिनियमच्या सरकत्या. सरकती खिडकी कितीही उघडा, निम्मी बंदच राहते. असल्या खोलीला आधी तापू द्यायचं आणि मग तिला गार करायला वर पॅनेल बसवायचे, हे मला तेव्हापासून पटेनासं झालं. पॅनेल ही इमारतीतली शेवटची गोष्ट आहे. तिच्या आधी बऱ्याच गोष्टी असतात, त्यांना वीज लागत नाही, आणि त्यातल्या बहुतेक आमच्याकडे पूर्वी होत्या.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. मी उमरगा तालुक्यातली, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. आमचं घर माळवदाचं होतं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा किलच्या, आणि वर पांढरी माती, दीड-दोन फूट जाडीची. दर पावसाळ्याआधी वर आणखी एक थर पसरायचा, चोपायचा. आजी म्हणायची, “माळवद हाय तवर ऊन घरात येत न्हाई.” आणि खरंच यायचं नाही. उन्हाळ्यात दुपारी बाहेरून धावत आत आलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि पायाला जमीन गार लागायची. एवढी जाड माती तापायलाच दिवस मावळायचा. तिची ऊब खाली पोचेपर्यंत रात्र संपत यायची, तेव्हा सगळे अंगणात किंवा माळवदावर झोपलेले असायचे. दुपारभर जे डोक्यावर धरलं, त्याचीच रात्री अंथरुणाखाली जमीन व्हायची.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंपात ते सगळं खाली आलं. मी तिसरीत होते. गणपती विसर्जन करून गाव नुकतं झोपलं होतं. त्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून आम्ही वाचलो. आजीची बहीण सास्तूरला होती, ती वाचली नाही.

इंजिनिअरिंगला गेल्यावर मी एकदा वहीत आकडेमोड केली होती. माती एका घनमीटरला सोळाशे-सतराशे किलो. दोन फूट जाडीचं माळवद म्हणजे एका चौरस मीटरवर एक टन. आजी, आई, आम्ही भावंडं, सगळे त्या वजनाखाली निजत होतो. शिवाय भिंतीत आरपार जाणारे दगड नव्हते. आतली आणि बाहेरची अशी दोन पाखं नुसती मातीनं एकमेकांना टेकलेली. जमीन हलल्यावर ती सुटली आणि वरचं टनांनी वजन थेट खाली आलं. भूकंपाच्या नकाशात तोवर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पुढे, २००२ साली, तिसऱ्या पट्ट्यात आला.

नंतर बावन्न गावं नव्या जागी उभी राहिली. घरं काँक्रीटची, वर सपाट स्लॅब. जाड भिंत आणि मातीचं छप्पर यांची लोकांना इतकी धास्ती बसली की पुढे कित्येक वर्षं कुणी मातीचं नावही काढलं नाही, आणि ते मला चूक म्हणवत नाही. पण आजी त्या घरात कधी दुपारी झोपली नाही. आधी पत्र्याच्या शेडमध्ये, मग नव्या घराच्या बाहेर लिंबाखाली तिची बाज असायची. भीती होतीच, पण ती म्हणायची, “आत जीव उबतो.” गारवा आणि धोका आमच्याकडे एकाच छपरातून आले होते, आणि आम्ही ते छप्परच सोडून दिलं. माझ्या कामाचा अर्थ मला खूप उशिरा कळला. ते वजन परत आणायचं नाही, पण तो गारवा परत आणायचा.

पाच इंची स्लॅब दुपारचं ऊन फार वेळ धरून ठेवू शकत नाही. तीन-चार तासांत तो ते खाली सोडायला लागतो. म्हणून आरोग्य केंद्रातला वॉर्ड दुपारी बारापेक्षा संध्याकाळी सातला जास्त असह्य असतो, हे कुठल्याही सिस्टरला विचारा. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छतातून झळ येत असते.

आमच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणून शाळेतली मुलं मैदानात उभा पाइप ठेवून बघतात, तोच दिवस. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मार भिंतींना बसत नाही, छपराला बसतो. त्याखालोखाल पूर्वेच्या आणि मावळतीच्या भिंतीला. दक्षिणेचं ऊन छज्ज्याला ऐकतं: दोन फुटांचा छज्जा मार्चमध्ये भर दुपारी खाली सहा फूट सावली टाकतो. मावळतीचं ऊन ऐकत नाही. तोच छज्जा पश्चिमेला लावा, मे महिन्यात दुपारी चार वाजता तो जेमतेम दीड फूट सावली देईल, आणि खाली खाटेवर सरळ तोंडावर ऊन. हे सगळं शाळेच्या भूमितीतलं गणित आहे. तरी आमच्याकडे एकच टाइप प्लॅन, म्हणजे ठरलेला नमुना नकाशा, सगळ्या गावांना लागतो, आणि तो कागदावर ज्या बाजूला रस्ता असेल त्या बाजूला फिरवला जातो.

चार वर्षांपूर्वी एका आरोग्य केंद्राच्या नव्या इमारतीचं काम माझ्याकडे आलं. जागेच्या पश्चिमेला रस्ता. टाइप प्लॅन लावला असता तर अख्खा वॉर्ड मावळतीला आला असता. मी इमारत फिरवली, लांब बाजूंची तोंडं दक्षिणेला आणि उत्तरेला, आखूड बाजू रस्त्याकडे. सरपंच आले, नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, गावात पहिल्यांदा दुमजली दिसणारी इमारत यायली आणि तुम्ही तिला रस्त्याकडं कड दाखवायला लावायल्यात.” त्यांचं म्हणणं मला समजत होतं. गावाला आपली इमारत दिसायला हवी असते. आम्ही आखूड बाजूलाच मोठा पोर्च घेतला, नावाची पाटी उंच लावली आणि त्याच मावळतीच्या कडेला संडास-बाथरूम, औषधांची नव्हे पण सामानाची खोली, आणि जिना असं सगळं ओळीनं बसवलं. मावळतीचं ऊन आता त्या खोल्यांवर आपटतं. तिथं कुणी झोपत नाही.

भिंतींना एएसी ब्लॉक वापरले. विटेच्या एक तृतीयांश वजन आणि आत हवेची बारीक छिद्रं, म्हणून उष्णता सावकाश जाते. खाली भूकंपरोधक काँक्रीटची चौकट होतीच. खिडक्या दोन पल्ल्यांच्या, पूर्ण उघडणाऱ्या, आणि वर स्लॅबला लागून झरोके. गरम हवा वर चढते, तिला बाहेर जायला वाट हवी. पूर्वी प्रत्येक सरकारी खोलीत असे झरोके असत, दोरी ओढून उघडायचे. कधी गेले कुणास ठाऊक. डासांच्या जाळीनं वारा कमी होतो हे खरं, पण बाळंतिणीच्या खोलीत जाळी नसणं मला चालणार नव्हतं. म्हणून खिडक्यांचा आकारच वाढवला.

आता छप्पर. मला तिथं मडकी घालायची होती. स्लॅबवर मातीची मडकी पालथी मांडायची, मधल्या फटी वीट-तुकड्यांनी आणि चुना-सिमेंटनं भरायच्या, वर कोबा, आणि सगळ्यात वर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक. मडक्यातली कोंडलेली हवा ऊन अडवते आणि पांढरा रंग मुळात ऊन आत घेतच नाही. मेमध्ये काळवंडलेली गच्ची हाताला चटका देते, साठ अंशांच्या पुढे जाते. पांढऱ्या टाइलवर तुम्ही अनवाणी चालू शकता. आणि वजन? मडकी बरीचशी पोकळ, त्यामुळे स्लॅबवर येणारा भार नेहमीच्या ब्रिकबॅट, म्हणजे वीट-तुकड्यांच्या, कोब्याच्या आसपासच राहतो. आमच्या माळवदाच्या तो पासंगालाही पुरत नाही.

युक्ती जुनी आहे, देशात अनेक ठिकाणी वापरली जाते. पण आमच्या डीएसआरमध्ये ती नाही. ज्यांना सरकारी कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, डीएसआर म्हणजे दरसूची. जे काम त्यात आहे ते अंदाजपत्रकात एका ओळीत येतं. जे नाही, त्याचं दर पृथक्करण करावं लागतं: मडकं केवढ्याला, मजूर किती, एका दिवसात किती चौरस मीटर होतं, तीन ठिकाणची दरपत्रकं. वर लेखापरीक्षणात आक्षेप येईल ही टांगती तलवार. चांगल्या गोष्टी न होण्याचं अर्धं कारण मला इथं दिसतं. वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण दरसूचीत असलेली ओळ उतरवायला पाच मिनिटं लागतात आणि नसलेली ओळ लिहायला पाच महिने. मला चार लागले. शेजारच्या गावच्या कुंभारानं दरपत्रक द्यायला आयुष्यात पहिल्यांदा शिक्का बनवून घेतला.

मिस्त्री तयार नव्हते. तीस वर्षं स्लॅब ओतलेला माणूस. म्हणाले, “मॅडम, पोरं वर चढली की फुटतेल मडकी. मग गळती लागंल आन् लोक माझं नाव घेतेल.” त्यांना मी माळवदाची गोष्ट सांगितली नाही, कारण ते भूकंपात सापडलेल्या लोहारा तालुक्यातलेच, त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त माहीत. आम्ही एका कोपऱ्यात दहा बाय दहाचा नमुना केला, त्यावर तीन दिवस पाणी साठवून ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी ते स्वतः खाली जाऊन स्लॅबच्या पोटाला हात लावून आले. त्यानंतर मडकी मांडण्याचं काम त्यांनी कुणा दुसऱ्याच्या हातात दिलं नाही.

एवढं झाल्यावर मग विजेचा हिशोब मांडला. तो मी इथं पूर्ण देते, कारण हाच हिशोब फाइलींमध्ये शेवटी येतो आणि तो आधी यायला हवा. इमारतीत २० पंखे आणि ३० ट्यूब. नेहमीचा पंखा ७५ वॉट, चोकसह जुनी ट्यूब ५० वॉट. पंख्यांचे १,५०० आणि ट्यूबचे १,५००, मिळून ३ किलोवॉट. दहा तास चालले तर ३० युनिट. आमच्याकडे एक किलोवॉटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट देतं. म्हणजे साडेसात किलोवॉटचं पॅनेल हवं, साधारण साडेसातशे चौरस फूट. आता पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या, ३० वॉटचे. ट्यूब एलईडी, १८ वॉटच्या. ६०० अधिक ५४०, म्हणजे १,१४० वॉट. दहा तासांचे साडेअकरा युनिटही होत नाहीत. तीन किलोवॉटचं पॅनेल पुरतं, तीनशे चौरस फूट. वारा तेवढाच, उजेड उलट जास्त. आणि खिडक्या मोठ्या असल्यानं दिवसा निम्म्या ट्यूब लावाव्याच लागत नाहीत, हे यात धरलेलंही नाही.

उरलेल्या पैशांतून आम्ही बॅटरी घेतली. त्या केसपेपरवाल्या आईमुळे. मुख्य बोर्डावरून एक वेगळी लाइन ओढली, तिला लाल रंगाच्या पट्ट्या: प्रसूतीगृहातले दिवे, लसींचा आयएलआर, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेला फ्रिज, आणि डीप फ्रीजर, प्रत्येक खाटेवरचा एक पंखा. लाइट गेली की इन्व्हर्टर बाहेरच्या लाइनपासून स्वतःला तोडून घेतो आणि पॅनेल व बॅटरीवर फक्त ही लाइन चालू ठेवतो. वायरमनही सुरक्षित, बाळही. लसी २ ते ८ अंशांतच राहाव्या लागतात. आयएलआर तसा दणकट, दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तो तापमान धरून ठेवतो, पण सिस्टरच्या जिवाला जो घोर असतो तो या लाल पट्टीनं गेला. उपकरणं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह खूप वीज खातो, तो बॅटरीवर घेणं परवडत नाही. तो सकाळी अकरा ते दोनमध्ये लावायचा असं ठरलं. हे मी ठरवलं नाही, तिथल्या सिस्टरनंच सुचवलं. म्हणाल्या, ऊन असताना पापड वाळवतो, तसं.

पॅनेल आम्ही स्लॅबला टेकवले नाहीत, माणूस खालून वावरेल एवढ्या उंचीवर मांडव केला. पॅनेलची कागदावरची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. उन्हात पॅनेल ६५ अंशांवर गेलं तर सोळा टक्के गेले. खालून वारा वाहिला की ते थोडं गार राहतं आणि त्याच्या सावलीत स्लॅबही. बाळंतिणींच्या नातेवाइकांनी त्या सावलीत संध्याकाळी बसायला सुरुवात केली आहे.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भांडले ती म्हणजे जिना. एकमजली सरकारी इमारतीत पैसे वाचवायचे असले की पहिल्यांदा जिना कापला जातो. वर काय आहे, पाण्याची टाकीच ना, मग भिंतीला लोखंडी शिडी लावा. आता सांगा, त्या शिडीवरून बादली घेऊन कोण चढणार? आमच्याकडे फेब्रुवारी ते मे धुळीचे महिने. शेतातली काळी माती वाऱ्यानं उडून पॅनेलवर बसते. पुसलं नाही तर वीज घटत जाते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण बिल भरणारा वेगळा आणि पंख्याखाली बसणारा वेगळा. एका ठिकाणी मी पाहिलंय, पॅनेलच्या खालच्या कडेला साचलेल्या मातीत गवत उगवलं होतं. आणखी एका ठिकाणी जुन्या धर्तीच्या बॅटऱ्या डिस्टिल्ड वॉटर न घातल्यानं तीन वर्षांत गेल्या. त्या खोलीत नंतर झाडू ठेवायचे.

म्हणून जिना हवा, सिमेंटचा, कठड्यासकट. वर एक नळ हवा. आणि तो नळ बोअरचा नको. आमच्या बोअरच्या पाण्यात एवढे क्षार असतात की चार वेळा धुतलं की काचेवर पांढरा थर बसतो, तो धुळीपेक्षा वाईट. आम्ही छपरावरचं पावसाचं पाणी गोळा करून हजार लिटरची एक टाकी फक्त पॅनेलसाठी राखून ठेवली. सकाळी ऊन चढायच्या आत मऊ फडक्यानं पुसायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. हे सगळं एका पत्र्याच्या पाटीवर लिहून जिन्यात लावलंय. तिथल्या सफाई काम करणाऱ्या मावशी वाचू शकत नाहीत, पण त्यांना पाटीची गरज नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं की, दोन पॅनेलवर चिंचेच्या झाडाची सावली दुपारी तीननंतर येते. ते माझ्या आराखड्यात सुटलं होतं. झाड आम्ही तोडलं नाही, पॅनेल सरकवले.

मध्ये एकदा प्रशिक्षणासाठी दिल्लीला जायचा योग आला, तेव्हा जोरबागजवळचं इंदिरा पर्यावरण भवन पाहिलं. २०१४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची ही इमारत. छतावर ९३० किलोवॉटचे पॅनेल, वर्षाला सुमारे १४ लाख युनिट वीज. इमारतीला लागेल तेवढी वीज तिनंच करायची या हिशोबानं ती बांधलेली आहे. पॅनेल छपराच्या कडेबाहेर लांब पसरलेत, दुरून एखाद्या मोठ्या मांडवासारखे दिसतात. जमिनीत ऐंशी-ऐंशी मीटर खोल १८० बोअर आहेत. वातानुकूलनातली उष्णता नळ्यांतल्या पाण्यावाटे जमिनीत सोडतात, म्हणून कूलिंग टॉवरमध्ये वाफ होऊन उडणारं पाणी वाचतं. आमच्या गटातले सगळे त्या बोअरचे आणि पॅनेलचे फोटो काढत होते. मी मात्र मधल्या चौकात उभी राहिले. लांब बाजू दक्षिण-उत्तर ठेवलेले दोन भाग, मध्ये चौक, आणि त्यातून वारा वाहतोय. एवढ्या मोठ्या मंत्रालयाच्या इमारतीत मी वाड्याच्या चौकात उभी होते. त्या लोकांनीही आधी सावली आणि वारा लावून घेतला होता आणि मग किलोवॉट मोजले होते. मला एकटीलाच हे सुचलेलं नाही, हे बघून फार बरं वाटलं.

पण आमच्या इमारती त्या मापाच्या नाहीत. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, २००७ साली आली, २०१७ ला सुधारली, २०२४ ला तिची नवी आवृत्ती आली. ती लागू होते १०० किलोवॉट आणि त्यावरच्या जोडभाराच्या इमारतींना. आमचं आरोग्य केंद्र त्याच्या जवळपासही जात नाही. अंगणवाडीचा भार तर एका गिझरएवढा. गावोगावच्या या छोट्या इमारतींमध्ये देशातले सगळ्यात गरीब लोक सगळ्यात अडचणीच्या वेळी येऊन बसतात, आणि त्या कशा तापाव्यात वा तापू नयेत हे सांगणारा नियम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तिथं फक्त टेबलावर बसलेला कनिष्ठ अभियंता असतो, आणि टाइप प्लॅन.

शाळांबद्दल थोडंच लिहिते, कारण तो वेगळा आणि दुखरा विषय आहे. बिल थकलं म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेची वीज तोडली जाते आणि वर्गणीतून घेतलेला टीव्ही खोक्यात जातो, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. शाळेला खरं तर सौर सगळ्यात सोपं. दिवसाच भरते, रात्री बंद. नेट मीटर असेल तर मेच्या सुट्टीत, जेव्हा ऊन सगळ्यात कडक आणि वर्ग रिकामे, तेव्हाचे युनिट खात्यावर जमा होतात आणि पुढे मार्चअखेरपर्यंत वापरता येतात. पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीनं घरं, शाळा, ग्रामपंचायत सगळंच सौर केलं, राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून ते ओळखलं जातं. ते गाव एकदा बघून यायचं आहे, मुख्याध्यापकांना सोबत घेऊन.

गेल्या मेमध्ये मी त्या नव्या आरोग्य केंद्रात पुन्हा गेले होते, कामाशिवाय. संध्याकाळचे सात. वॉर्डात शिरले आणि सवयीनं हात वर करून छताकडे पाहिलं, झळ येते का ते. आली नाही. एका खाटेखाली जमिनीवर एक म्हातारी पदर डोक्याखाली घेऊन गाढ झोपली होती, सुनेसोबत आलेली असावी. फरशी गार असल्याशिवाय आमच्याकडची म्हातारी माणसं आत अशी झोपत नाहीत. मी बराच वेळ तिथं उभी होते. आजीला जाऊन आता अकरा वर्षं होतील.

सध्या टेबलावर एका ग्रामपंचायत कार्यालयाचं अंदाजपत्रक आहे. तांत्रिक मान्यतेला गेलं होतं, परत आलंय. मडक्यांची ओळ कायम राहिली आहे. दर पृथक्करण आधीचंच जोडलं होतं, त्यावर कुणी काही बोललं नाही. जिन्यावर मात्र लाल पेनानं काट मारलीय आणि बाजूला लिहिलंय, “शिडी पुरेशी”. मी जिना परत घातलाय. सोबत त्या आरोग्य केंद्रातल्या मावशींचा, फडकं आणि बादली घेऊन जिना चढतानाचा, एक फोटो जोडलाय. सोमवारी फाइल वर जाईल.